फतह मैदान कोणाचे?

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी आमच्या शाळेचा फुटबॉल संघ घेऊन आम्ही शहरातील एका मैदानावर गेलो होतो. आंतरशालेय सामना होता आणि परवानगीचे पत्र खिशात होते. फाटकातून आत शिरतो तो समोर कसल्याशा प्रदर्शनाचा मंडप! गोलाच्या एका खांबाला विजेच्या तारा बांधलेल्या, आणि जेथे आमच्या गोलरक्षकाने उभे राहावयाचे तेथे खुर्च्यांच्या चळती रचलेल्या. पहारेकऱ्याने पत्र उलटसुलट करून पाहिले आणि "हे आमच्याकडं आलेलं नाही" एवढे बोलून परत केले. परतीच्या वाटेवर सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, मैदान कुणाचं असतं?" आम्ही सवयीने उत्तर दिले, "सरकारचं." त्यावर त्याने पुन्हा विचारले, "मग पत्र कुणी दिलं होतं?"

त्या प्रश्नाला आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही. पत्र देणारे एक, मंडपाला जागा देणारे दुसरे, आणि सातबाऱ्यासारख्या कागदावर नाव तिसऱ्याचेच, असे हे प्रकरण असते. स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा हाच प्रश्न आमच्या मनात घोळत होता. म्हणून ज्या मैदानाचे नाव आपल्या हैदराबादेत सर्वांच्या तोंडी आहे, त्या फतह मैदानाची हकीकत सांगून या प्रश्नाची थोडी उकल करावी असे योजले आहे.

फतह मैदान म्हणजे आजचे लाल बहादूर शास्त्री स्टेडियम. बशीरबागेकडून निजाम कॉलेजकडे जाताना त्याच्या उंच भिंती आणि दिव्यांचे मनोरे दिसतात. लोक त्याला 'एल. बी. स्टेडियम' म्हणतात. जुनी मंडळी मात्र अजून फतह मैदानच म्हणतात, आणि आम्हीही या लेखात तेच म्हणणार आहोत. अरबी 'फतह' म्हणजे विजय. हा विजय कोणाचा, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १६८७ साली औरंगजेबाच्या फौजेने गोवळकोंड्यास वेढा घातला. तो सुमारे आठ महिने चालला. त्या काळात या विस्तीर्ण माळावर मोगल सैन्याची छावणी होती. सप्टेंबरात किल्ला पडला, कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह कैद झाला, आणि पुढे मराठवाड्यातील दौलताबादच्या किल्ल्यात बंदिवासातच त्याचे आयुष्य संपले. छावणीच्या माळास विजयाचे नाव मिळाले. पाहा कशी गंमत आहे! जे राज्य हरले त्याच्याच राजधानीतील लोकांनी जिंकणाऱ्याच्या विजयाचे नाव तीनशे वर्षे जिभेवर वागवले, आणि तेही इतक्या प्रेमाने की पुढे सरकारने नाव बदलले तरी जुने सुटले नाही.

आसफजाही काळात येथे पोलो खेळला जाई. पोलो हा अमीर-उमरावांचा आणि रिसाल्याच्या अधिकाऱ्यांचा खेळ. घोडा बाळगण्याची ऐपत असेल त्यानेच त्यात पडावे. सप्टेंबर १९४८ मध्ये हिंदुस्थान सरकारने हैदराबादेत जी लष्करी कारवाई केली तिला 'ऑपरेशन पोलो' हे नाव मिळाले ते या शहरातील पोलोच्या मैदानांच्या विपुलतेवरून, असे सांगतात. ते काहीही असो. घोडे गेले आणि मैदान उरले, एवढे खरे.

त्यानंतर येथे आले क्रिकेट. मोईनुद्दौला सुवर्णचषकाचे सामने सुरुवातीस सिकंदराबादेच्या जिमखाना मैदानावर होत. परंतु तेथे प्रेक्षकांना बसण्यास सज्जे नव्हते. त्यामुळे मोठे सामने फतह मैदानावर येऊ लागले. नोव्हेंबर १९५५ मध्ये येथे भारत आणि न्यूझीलंड यांचा कसोटी सामना झाला. हैदराबादचा तो पहिलाच कसोटी सामना. त्यात आपल्याच शहराचे गुलाम अहमद भारताचे कप्तान होते, आणि पॉली उम्रीगर यांनी २२३ धावा काढल्या. कसोटीत भारतीय फलंदाजाने काढलेले ते पहिले द्विशतक होय. ज्या मैदानाच्या नशिबी असा मान आला, त्याच्याकडे पुढे सर्व जण क्रिकेटचे मैदान म्हणूनच पाहू लागले यात नवल नाही.

पण नेमकी हीच वर्षे हैदराबादी फुटबॉलच्या ऐन भराची होती, आणि फुटबॉलला मात्र स्वतःचे म्हणावे असे घर नव्हते. या विरोधाभासापाशी थोडे थांबावयास हवे.

हैदराबादी फुटबॉल म्हटले की सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९०९ साली याच शहरात त्यांचा जन्म झाला. उस्मानिया विद्यापीठातून ते पदवीधर झाले आणि काचीगुडा, चादरघाट येथील शाळांतून त्यांनी शिक्षकाचे काम केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. ते आमच्याच पेशाचे, म्हणून आम्हांस त्यांच्याविषयी थोडा अधिक जिव्हाळा वाटला तर वाचकांनी तो समजून घ्यावा. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले आणि १९६३ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या शिक्षणाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. त्या संघाने १९५० साली दिल्लीच्या ड्युरँड स्पर्धेत मोहन बागानसारख्या संघाचा पराभव केला, आणि मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. तेव्हा रोव्हर्स चषक देशातील अव्वल स्पर्धांपैकी एक होता. हैदराबादचे पोलीस शिपाई पाच वर्षे ओळीने मुंबईस जातात आणि चषक घेऊन येतात, या गोष्टीचे महत्त्व आज समजावून सांगावे लागते, कारण ती स्पर्धाच आता बंद पडली आहे.

रहीमसाहेबांची शिकवण्याची तऱ्हा शिक्षकाची होती. मुलांचे ते असे सामने लावीत की ज्यांत चेंडू केवळ कमकुवत पायानेच मारावयाचा. उजव्याने खेळणाऱ्याने डाव्याने खेळावे, डावखुऱ्याने उजव्याने. ज्याचा एकच पाय चालतो त्याची अर्धी चाल प्रतिपक्षाला आधीच कळलेली असते, हे त्यांनी ओळखले होते. वर्गात जो मुलगा गणितात कच्चा त्याच्याकडून गणितच अधिक करून घ्यावयाचे, तसे हे. शिवाय या शिक्षणास मोठे स्टेडियम लागत नाही. एक चेंडू, थोडी सपाट जागा आणि लक्ष ठेवणारा माणूस एवढे पुरते. हैदराबादेची अनेक मुले अशाच कोणत्यातरी शाळेच्या, पोलिसांच्या वा लष्कराच्या मैदानावर, बहुधा अनवाणी, तयार झाली.

भारतीय संघाचे शिक्षक म्हणून रहीमसाहेबांनी १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून दिले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बहुतेक खेळाडू तेथल्या थंडीत अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ साली मेलबर्नला हाच देश ऑस्ट्रेलियाला ४-२ असा हरवून उपांत्य फेरीत गेला आणि चौथा आला. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मूळचा गोव्याचा. त्या संघात आपल्या शहराचे तुलसीदास बलराम, नूर महंमद, अझीझुद्दीन असे खेळाडू होते. १९६२ साली जकार्त्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून पुन्हा आशियाई सुवर्णपदक मिळवले, तेव्हा रहीमसाहेब कर्करोगाने पोखरले गेले होते. पुढल्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, ते वारले. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा हिंदी बोलपट निघाला, आणि आमच्या वर्गातील मुलांना ते ठाऊक आहेत ते त्या बोलपटामुळे. शहरात त्यांच्या नावाने ओळखले जाणारे मोठे फुटबॉल मैदान असते तर मुलांना ते मैदानावरूनच ठाऊक झाले असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चषकांनी कपाट भरले तरी मैदान का मिळाले नाही?

पहिले कारण असे की त्या काळी फुटबॉल पोसला तो खात्यांनी. पोलीस खात्याचा संघ होता, म्हणून खेळाडूला नोकरी होती, जेवण होते, सरावास खात्याचे मैदान होते. परंतु ते मैदान खात्याचे, खेळाचे नव्हे. खात्याला निकड भासली की तेथे कवायत व्हावयाची. असोसिएशन स्पर्धा भरवी, पण जागा दुसऱ्याकडून मागून घ्यावी लागे. आपल्याकडील बहुतेक क्रीडासंघटनांची हीच स्थिती होती आणि आहे. कलकत्त्याचेच पाहा. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग या तिन्ही नामांकित क्लबांची मैदाने कलकत्त्याच्या ज्या 'मैदान' नावाच्या विस्तीर्ण माळावर आहेत, ती जमीन लष्कराच्या ताब्यातली. म्हणून त्या क्लबांच्या इमारतींना आजही 'तंबू' म्हणतात. शंभर वर्षांहून जुने क्लब, लाखो पाठीराखे, आणि नाव मात्र तंबू! परंतु त्या तंबूंना तेथून कोणी हलवू शकलेले नाही, हेही ध्यानात ठेवावे. कागदावर मालकी नसली तरी वहिवाट आहे, आणि ती वहिवाट सारे शहर मानते.

हैदराबादेत ती वहिवाट निर्माण झाली नाही, कारण खेळाडूच राहिले नाहीत. बलराम १९५७ साली ईस्ट बंगालकडे गेले. पुढे नईमुद्दीन, महंमद हबीब, शब्बीर अली असे एकामागून एक कलकत्त्यास गेले. पैसा तेथे होता, प्रेक्षक तेथे होते. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ब्राँझपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे कप्तान नईमुद्दीन होते. १९७७ साली पेले आपला न्यूयॉर्कचा कॉसमॉस संघ घेऊन कलकत्त्यास आले, तेव्हा मोहन बागानने त्यांना २-२ असे बरोबरीत रोखले. त्या दोन गोलांपैकी एक हबीबचा होता. आणि तो सामना झाला कोठे, तर ईडन गार्डन्सवर, म्हणजे क्रिकेटच्या मैदानावर! आमच्या शहराचा मुलगा दुसऱ्या शहराच्या क्लबासाठी तिसऱ्या खेळाच्या मैदानावर गोल करतो, आणि आम्ही येथे बसून अभिमान बाळगतो. असो.

दुसरे कारण मैदानाच्या मातीत आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. क्रिकेट आणि फुटबॉल यांना एकाच मैदानावर नांदणे कठीण जाते. क्रिकेटची खेळपट्टी मैदानाच्या मधोमध असते. २२ यार्ड लांब आणि १० फूट रुंद अशा अनेक पट्ट्या शेजारी शेजारी केलेल्या असतात. चिकणमाती पसरून, पाणी मारून, रूळ फिरवून त्या दगडासारख्या घट्ट करतात. फुटबॉलचे मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. ते त्याच जागी आखले की ही चिकणमातीची जागा ऐन मध्यावर येते. उन्हाळ्यात तेथे पडलेल्या खेळाडूचा गुडघा सोलून निघतो आणि पावसाळ्यात तेथे चिखल होतो. फुटबॉलच्या बुटांचे खिळे त्यात रुतले की खेळपट्टी उखडते. मग क्रिकेटवाले तक्रार करतात, आणि त्यांची तक्रार खोटी नसते. आपल्याकडे शाळांचे आणि जिल्ह्याचे फुटबॉल पूर्वापार पावसाळ्यात, आणि पावसाळा संपला की मैदान क्रिकेटसाठी दुरुस्त करावयाचे. ज्याच्या सामन्याला तिकिटे खपतात त्याच्या बाजूने निकाल लागतो.

१९६७ साली फतह मैदानास दिवंगत पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांचे नाव देण्यात आले. पुढे प्रकाशझोताचे मनोरे उभे राहिले. १९९३ साली हिरो चषकातील वेस्ट इंडीज आणि झिंबाब्वे यांचा सामना त्या उजेडात झाला. १९९९ साली न्यूझीलंडविरुद्ध सचिन तेंडुलकर यांनी येथे नाबाद १८६ धावा काढल्या, तर राहुल द्रविड यांच्याबरोबर त्यांनी ३३१ धावांची भागी केली. हे सारे वैभव क्रिकेटचे. तरीही एक गोष्ट क्रिकेट संघटनेच्या मनाला सलत होती. मैदान तिचे नव्हते. ते होते राज्याच्या क्रीडाखात्याकडे, आणि आज ते तेलंगण राज्य क्रीडा प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. अखेर संघटनेने उप्पल येथे स्वतःचे स्टेडियम बांधले, आणि नोव्हेंबर २००५ मध्ये तेथे पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. भाडेकरू ऐपतदार झाला, त्याने गावाबाहेर स्वतःचा बंगला बांधला आणि किल्ली मालकाच्या हाती ठेवून तो निघून गेला.

आता कोणीही म्हणेल, की हीच फुटबॉलची संधी होती. गोव्यात नेमके तसे झाले. मडगावजवळचे फातोर्ड्याचे नेहरू स्टेडियम सरकारी. १९८९ मध्ये त्यावर नेहरू चषकाचे फुटबॉल सामने झाले आणि त्याच वर्षी एकदिवसीय क्रिकेट सामनाही झाला. पुढे कितीतरी वर्षे दोन्ही खेळ तेथे चालले. २०१० मधला क्रिकेट सामना पावसात वाहून गेला, आणि त्यानंतर ते मैदान फुटबॉलचे झाले. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने तेथे झाले. मालक तोच, सरकार. परंतु गोव्याच्या सरकारला माहीत होते की या मैदानावर गावोगावची माणसे कशासाठी येतात. तेथे संध्याकाळी कोणत्याही वाड्यावर जावे, दोन काठ्यांच्या गोलापुढे मुले दिसतातच. मैदान कोणाला द्यावे याचा निर्णय कचेरीत होण्याआधी वाड्यावर झालेला होता.

फतह मैदानावर तसा कोणाचा हट्टच नव्हता. क्रिकेट गेले आणि मैदान सर्वांचे, म्हणजे कोणाचेच नाही, असे झाले. याचा प्रत्यय तीनच वर्षांत आला. ऑगस्ट २००८ मध्ये हैदराबादेत ए. एफ. सी. चॅलेंज चषकाची स्पर्धा भरली. जिंकणाऱ्या देशाला २०११ च्या आशिया चषकात थेट प्रवेश मिळणार होता. भारत अंतिम फेरीत पोहोचला. पण त्या दिवसांत पाऊस असा कोसळला, आणि मैदानाची अवस्था अशी झाली, की अंतिम सामना हैदराबादेतून उचलून दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर न्यावा लागला. तेथे भारताने ताजिकिस्तानला ४-१ असे हरवले, आणि सुनील छेत्रीने तीन गोल केले. रहीमसाहेबांच्या शहरात यजमानपद आले, पाहुणे आले, आपला संघ अंतिम फेरीत आला, आणि ऐन वेळी मैदानाने पाठ फिरवली. पाऊस तर दरवर्षीच पडतो. पाणी काढून देणारा, गवत राखणारा, 'हे माझे' म्हणून रात्री उठून पाहणारा कोणी असावा लागतो.

यावरून कोणी म्हणेल, सरकारकडे मैदाने नकोतच, ती क्लबांना विकावीत. आम्ही त्या मताचे नाही. याचे कारण दूरच्या एका शहराच्या उदाहरणाने सांगतो, कारण तेथे हा वाद नुकताच तडीस गेला आहे. इटलीतील मिलान शहराचे सान सिरो स्टेडियम १९२६ साली मिलान क्लबाचे अध्यक्ष पिएरो पिरेली यांनी बांधवले. १९३५ साली ते नगरपालिकेने विकत घेतले. १९४७ पासून शहराचे दोन्ही क्लब, मिलान आणि इंटर, तेथे भाडेकरू म्हणून खेळू लागले. एकमेकांचे कट्टर वैरी, पण घर एक, आणि घरमालक सारे शहर. १९५५ साली त्यावर दुसरा मजला चढला, १९९० च्या विश्वचषकासाठी तिसरा. सत्तर वर्षे हा संसार नीट चालला. परंतु क्लबांना स्वतःचे स्टेडियम हवे होते, कारण आजकाल तिकिटांपेक्षा उपाहारगृहे, दुकाने आणि खास कक्ष यांतून उत्पन्न अधिक येते, आणि भाडेकरूला तेथे हात आखडता घ्यावा लागतो. २०२५ च्या सप्टेंबरअखेर नगरसभेत रात्रभर चर्चा होऊन २४ विरुद्ध २० मतांनी ते स्टेडियम आणि भोवतालची जमीन दोन्ही क्लबांना सुमारे १९ कोटी ७० लक्ष युरोंना विकण्याचे ठरले, आणि ५ नोव्हेंबरला खरेदीखत झाले. इतकी घाई का? तर तेथील कायद्याने सार्वजनिक इमारतीस सत्तर वर्षे झाली की ती वारसा म्हणून संरक्षित होऊ शकते, आणि दुसऱ्या मजल्याची सत्तर वर्षे १० नोव्हेंबरला भरत होती! शेजारी नवे स्टेडियम बांधून जुने बहुतांशी पाडावयाचे, असा बेत आहे.

मिलानचे क्लब श्रीमंत आहेत. त्यांच्या हाती गेलेल्या जमिनीवर निदान फुटबॉल तरी राहील. आपल्याकडे बशीरबागेसारख्या ठिकाणची जमीन विकावयास काढली तर तेथे काय उभे राहील हे सांगण्यास ज्योतिषी नको. शहराच्या ऐन मध्यावर, विधानसभेपासून हाकेच्या अंतरावर, एवढा मोकळा तुकडा आज शिल्लक आहे तो केवळ सरकारच्या नावावर आहे म्हणून. ही गोष्ट सरकारच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. त्याचबरोबर हेही नोंदवले पाहिजे, की मोकळी जागा दिसली की तिला कामे चिकटतात. १९८३ साली एन. टी. रामाराव यांचा आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी रेवंत रेड्डी यांचा मुख्यमंत्रिपदाचा शपथविधी याच मैदानावर झाला. भिंतींच्या कडेने दुकाने आहेत. सभा होतात, समारंभ होतात. त्यांत वावगे काही नाही. लोकांनी एकत्र जमावे असे ते ठिकाण आहेच. परंतु प्रत्येक समारंभानंतर गवताला विश्रांती लागते, आणि ती किती दिवस द्यावयाची हे जो ठरवतो तोच त्या मैदानाचा खरा कारभारी.

आपल्या न्यासाच्या सभासदांना हा भेद निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. मालक एक, विश्वस्त दुसरा, आणि ज्याच्यासाठी मिळकत राखावयाची तो तिसरा. न्यासाच्या घटनेत हे तिघे वेगवेगळे लिहिलेले असतात, आणि तिसऱ्याचा हक्क काय हेही लिहिलेले असते. सरकारी मैदानाच्या बाबतीत पहिले दोन लिहिलेले असतात आणि तिसरा कोरा सोडलेला असतो. वर्षातले अमुक दिवस शाळांच्या फुटबॉलसाठी, अमुक दिवस ॲथलेटिक्ससाठी, अमुक दिवस सभांसाठी, असे एका कागदावर छापून फाटकावर लावले तर आमच्या खिशातल्या पत्राला काही अर्थ येईल.

गचिबावलीस २००२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले बालयोगी स्टेडियम आहे, आणि शहरातील मोठे फुटबॉल सामने आता तेथे होतात. २०२४ च्या डिसेंबरअखेर संतोष चषकाचा अंतिम सामना तेथेच झाला, व बंगालने केरळला १-० असे हरवले. तेही सरकारी. तेथे खेळणारा हैदराबाद एफ. सी. हा क्लब २०१९ साली निघाला आणि २०२२ साली इंडियन सुपर लीगचा विजेता झाला. तो अंतिम सामना फातोर्ड्यास झाला, आणि पेनल्टी अडवून तो जिंकून देणारा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी गोव्याचाच. त्यानंतर क्लबाचे हिशेब बिघडले. २०२५ साली तो क्लब नाव बदलून दिल्लीस गेला. ज्याचे स्वतःचे मैदान नाही, ज्याच्या मागे वाड्यावाड्यावरची वहिवाट नाही, त्याला गाव सोडण्यास एक ठराव पुरतो. खेळाडूंच्या सामानाखेरीज न्यावयाचे असे फारसे काही नव्हतेच.

आमच्या संघाचा तो राहिलेला सामना पुढे दुसऱ्या एका शाळेच्या पटांगणावर झाला. पटांगण लहान होते, म्हणून सात-सात जणांचे संघ केले. आम्ही १-० असे हरलो. या वर्षीच्या सामन्यांसाठी अर्ज दिला आहे. या खेपेस दोन प्रती केल्या आणि दुसरीवर कचेरीचा पोचशिक्का घेतला. प्रश्न विचारणारा तो मुलगा आता आठवीत आहे. मधल्या सुटीत तो भिंतीवर खडूने गोल आखून डाव्या पायाने चेंडू मारीत असतो. शिपाई दोनदा रागावला, पण आम्ही भिंत पुसू दिलेली नाही.